नानाजींनी सांगितलेली वेळ

वच्छलाचं लग्न उन्हाळ्यात लागलं, ती यवतमाळला गेली, आणि टँकवरची बायकांची गर्दी एका दिवसात निम्म्यावर आली. कारण रेशीमबागेपलीकडच्या त्या पोहण्याच्या टँकवर सकाळी सहा ते सात ही जी बायकांची वेळ होती, त्या वेळेला येणाऱ्या बायका मुळात दोनच होत्या. एक वच्छला आणि दुसरी उत्तरा.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. उत्तरा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. महाल भागातल्या त्यांच्या गल्लीत मुलीनं पोहायला जाणं म्हणजे अजून कुजबुजीचा विषय होता. पण दोघी मिळून जात, मिळून येत, म्हणून उत्तराचे वडील केशवराव काही म्हणत नसत. वच्छला गेली तशी त्यांनी एका रात्री जेवताना सांगून टाकलं, "आता एकटीनं जायचं नाही. घरचं कोणी संगं असंल तं जाय, नाही तं बंद."

"सकाळी सहाले कोण येईन बाबा माह्यासंगं?"

कोणी येणार नाही हे केशवरावांना ठाऊक होतं. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेले नानाजी म्हणाले, "मी जातो."

नानाजी म्हणजे केशवरावांचे वडील. मालगाडीचे गार्ड म्हणून त्यांनी उभी हयात काढली होती. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी उजाडायच्या आत उठून, आंघोळ करून, कुठल्याशा गाडीची वाट पाहत असल्यासारखे ते ओट्यावर बसून असत. "गाडीच्या मांगं एकटंच बसाची मले सवय हाय," ते म्हणाले, "टँकाच्या काठावर बसाले काय लागते?"

पोळी शेकणारी सुमती, उत्तराची आई, हात थांबवून सासऱ्यांकडे पाहत राहिली.

अशी सोय झाली. कॉलेजातल्या खेळांच्या बाई, सिंधूताई, यांना हे कळल्यावर त्यांनी कपाटातलं स्टॉपवॉच काढून उत्तराच्या हातावर ठेवलं. दिवाळीच्या आधी विद्यापीठाच्या टीमसाठी चाचणी होती. चारशे मीटरला दोनच मुली घ्यायच्या होत्या. "साडेसहा मिनिटांच्या आत आलीस तर तुला कोणी वगळू शकणार नाही," सिंधूताई म्हणाल्या. "मला रोज येणं जमणार नाही. आजोबांना सांग, रोज एकदा पूर्ण चारशेची वेळ घ्या. आकडा समोर असला म्हणजे माणूस टिकतो."

दुसऱ्या दिवसापासून आजोबा आणि नात निघाले. तिची सायकल ती हातात धरून चालवायची आणि नानाजी मागच्या कॅरिअरवर हात ठेवून शेजारून चालायचे. त्यांची स्वतःची सायकल होती, पण ती काढली की चेन पडते म्हणायचे. टँकवर पोचलं की फाटकाशी देवाजी चौकीदार असायचा. बायकांच्या वेळेत तो टँककडे पाठ करून बसे. म्हाताऱ्या माणसाला आत बसू द्यायला मात्र त्याची हरकत नव्हती. नानाजी उथळ बाजूच्या बाकावर बसत, स्टॉपवॉच मुठीत धरत आणि म्हणत, "चाल. झेंडी दाखवली."

पण खरी अडचण पाण्यात उतरल्यावर सुरू व्हायची.

वच्छला होती तेव्हा उत्तराला कधी कळलंच नव्हतं, की पोहायला मन लागतं. वच्छलाचे पाय पाण्याखाली शेजारी दिसत. ते पुढे गेले की उत्तराचे हात आपोआप जोरात पडत. भिंतीशी दोघी वळत, एकमेकींना पाणी उडवत, कुणाचं तरी नाव काढून हसत आणि पुन्हा सुटत. आता शेजारी कोणी नव्हतं. खाली हिरवट फरशी, तिच्यावरचा काळा पट्टा, कडुनिंबाची चार पानं, आणि कानात आपल्याच श्वासाचा आवाज. चौथ्या चकरेला मन विचारायचं, काहून? कशाला एवढं? सहाव्या चकरेला विचारायचं, कोणासाठी? त्याला उत्तर देता देता दम लागायचा.

तिनं नाना युक्त्या केल्या. शेजारी वच्छला आहे असं समजून पोहली. पाढे म्हटले. एवढी एक चक्कर मार, मग थांबू, असं स्वतःला फसवत पुढची चक्कर काढली. प्रत्येक युक्ती दोन-चार दिवस चालायची आणि मग शिळी व्हायची. शेवटी एकच गोष्ट उरली, नानाजींचा आकडा. चारशे मीटर संपवून तिनं काठाला हात लावला आणि 'झालं' म्हटलं, की नानाजी घड्याळाचं बटण दाबत, ते डोळ्यांशी नेत आणि सांगत, "सहा अठ्ठावन्न." आठवड्यानं म्हणत, "सहा पंचावन्न. सुधारणा हाय." त्या दोन-तीन सेकंदांसाठी ती दुसऱ्या दिवशी पांघरुणातून बाहेर पडायची.

आषाढ गेला, श्रावण आला. एका सकाळी मात्र तिचं अंगच उठेना. आदल्या दिवशी घरी सावनेरच्या एका स्थळाची गोष्ट निघाली होती. मुलगा कोळशाच्या खाणीत नोकरीला होता. केशवराव म्हणाले होते, "दिवाळीनंतर पाहू." उत्तरा रात्रभर कूस बदलत राहिली होती. पाण्यात उतरली खरी, पण दहाव्या-बाराव्या चकरेला तिला वाटलं, आता पुरे. चारशे मीटरच्या सोळा चकरांच्या जागी चौदा केल्या तर कोणाला कळणार आहे? चौदावी संपली आणि तिनं काठाला हात लावला, "नानाजी, झालं!"

बटणाचा आवाज आला. नानाजींनी घड्याळ डोळ्यांशी नेलं. "सहा सेहेचाळीस," ते म्हणाले. "कालच्याहून दोन सेकंद चांगलं."

उत्तरा काठाला धरून तशीच तरंगत राहिली.

दोन चकरा कमी, म्हणजे पाऊण मिनिट तरी कमी भरायला हवं होतं. नानाजी चकरा मोजत नसतील, हे ती समजू शकत होती. पण घड्याळाला चकरा मोजाव्या लागत नाहीत. घड्याळात जे होतं ते नानाजींनी वाचलं असतं, तर त्यांनी सहा मिनिटांच्या आतला आकडा सांगायला हवा होता आणि स्वतःच चकित व्हायला हवं होतं. त्यांनी वाचलंच नव्हतं. आकडा आधीच ठरवून ठेवलेला होता.

हे कोणाला सांगायची सोय नव्हती. नानाजींना विचारावं तर आधी आपण दोन चकरा खाल्ल्या हे सांगावं लागणार. घरी येताना ती समोर पाहत सायकल ढकलत राहिली. कॅरिअरवर हात ठेवून नानाजी शांत चालत होते, आणि तो हात तिला त्या दिवशी पहिल्यांदा जड वाटला.

संशय एकदा मनात शिरला की आधीच्या सगळ्या गोष्टी उकरून काढतो. उत्तरानं मागचे सगळे आकडे आठवून पाहिले. आठवड्याला दोन सेकंद, कधी तीन. कधीही मागं नाही. ताप येऊन गेल्यावर ती मेल्यासारखी पोहली होती, त्या दिवशीही सुधारणा. रेल्वेच्या माणसानं वेळापत्रक बनवावं तशी ती सुधारणा होती.

पण काहून? नानाजी तिला का फसवतील?

याचं उत्तर तिला चार दिवसांनी मिळालं, असं तिला वाटलं. कॉलेजातला शेवटचा तास झाला नाही म्हणून ती दुपारी लवकर घरी आली. दाराशी चप्पल काढत होती, तो आतून आईचा दबका आवाज आला.

"तिले काही समजू देऊ नका मामाजी. दिवाळीपर्यंत कसंही ओढून न्या."

"मी ओढतो वं," नानाजी म्हणाले. "पण केशवले संशय येऊन राहिला. काल माह्याकडं पाहून राहिला होता."

"त्याईचं मी पाहतो," आई म्हणाली.

उत्तरा उलट्या पावली बाहेर गेली आणि थोड्या वेळानं मुद्दाम कडी वाजवून आत आली. आई शेवया उकडत होती. नानाजी ओट्यावर जाऊन बसले होते. दोघांच्याही तोंडावर काहीच नव्हतं.

आता तिला सगळं लख्ख दिसू लागलं. दिवाळीपर्यंत पोरीला पाण्यात गुंतवून ठेवायचं, दोन-दोन सेकंदांचा खाऊ द्यायचा, म्हणजे ती स्थळाबद्दल बोलणार नाही, रुसणार नाही. दिवाळी झाली की सावनेर. चाचणीत ती आपटली तर बरंच, आपोआप सुटेल. वडिलांनी असं केलं असतं तर तिला नवल वाटलं नसतं. पण आई आणि नानाजी?

दुसऱ्या दिवशी तिनं परीक्षा घेतली. सोळाच्या सोळा चकरा केल्या, पण तळ्यात म्हैस पोहते तशा, सावकाश, मधेच पाठीवर वळून आभाळ बघत. काठाला हात लावला तेव्हा ती दमलीसुद्धा नव्हती.

"सहा त्रेचाळीस," नानाजी म्हणाले. "शाबास पोरी."

"घड्याळ दाखवा बरं."

बटणाचा आवाज आला. "झिरो करून टाकलं ना वं. आधी सांगाचं."

पुढच्या दिवशी तिनं आधीच सांगितलं, "आज झिरो नका करू नानाजी, मले पाहाचं हाय." तर ती शिडीवरून वर येईपर्यंत घड्याळ नानाजींच्या हातून खाली पडलं होतं. ते वाकून फरशीवर चाचपत होते. उत्तरानं उचललं तेव्हा काटे पळत होते. "निसटलं," नानाजी ओशाळं हसले. तिला ते हसणं खोटं वाटलं.

गंमत अशी झाली, की त्या रागानं तिला जे हवं होतं ते दिलं. आता चौथ्या चकरेला मन काही विचारत नव्हतं. तिला दाखवून द्यायचं होतं. खोट्या आकड्याहून खरा आकडा पुढे न्यायचा आणि चाचणीच्या दिवशी सगळ्यांसमोर या दोघांच्या तोंडावर मारायचा, एवढंच तिच्या डोक्यात असे. ती सकाळी सगळ्यांच्या आधी उठून तयार राहू लागली. पाण्यात हात असे पडू लागले, की देवाजी पाठ करून बसला होता तरी एक-दोनदा त्याची मान वळली.

त्या देवाजीलाच तिनं एकदा गाठलं. नानाजी चपला घालत होते तेवढ्यात फाटकाशी जाऊन तिनं विचारलं, "मी पोहतो तवा नानाजी काय करतात, देवाजीभाऊ?"

"मी कुठं पाहतो बाई? माही पाठ असते." मग म्हणाला, "पण परवा त्याईनं मले हाक मारून विचारलं, पोरगी पाण्यात हाय का भाईर आली म्हणून. मले नवल वाटलं. समोरच तं होत्या तुम्ही."

म्हणजे झोपा काढतात, उत्तरानं ठरवलं. रंगेहाथ धरायचं.

संधी लवकरच आली. टँकमध्ये ताजं पाणी सोडायचा दिवस होता. खोल बाजूच्या जाड पाइपातून पाणी धो धो कोसळत होतं आणि दुसरं काही ऐकू येत नव्हतं. नानाजींनी झेंडी दाखवली. उत्तरा सुटली, चारेक चकरा नेहमीसारख्या केल्या, आणि खोल बाजूला पोचल्यावर वळायच्या ऐवजी शिडी धरून हळूच बाहेर आली. कोपऱ्यात क्षणभर थांबली. नानाजींनी मान हलवली नाही. ती काठाकाठानं, अनवाणी, अंगावरून पाणी निथळत असताना चालत आली आणि त्यांच्यापासून दोन हातांवर उभी राहिली.

नानाजी झोपले नव्हते. ताठ बसले होते. मुठीत घड्याळ होतं, तोंड पाण्याकडे होतं. डोळे उघडे होते. आणि पाइपाच्या आवाजावरून ऐकू जावं म्हणून ते मोठ्यानं म्हणत होते, "लांब टाक हात. लांब. शाबास. दम नको सोडू पोरी, आता थोडंच राह्यलं."

पाण्यात कोणी नव्हतं.

महिनाभर तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती. तिनं हळूच हात त्यांच्या डोळ्यांसमोरून फिरवला. पापणी हलली नाही. तिच्या हातावरचं पाणी मात्र त्यांच्या गुडघ्यावर पडलं आणि नानाजी दचकले.

"कोण? देवाजी का गा?"

"मी आहो," उत्तरा म्हणाली.

नानाजींनी घड्याळ बाकावर ठेवलं. "कधी भाईर आली?"

"तुमाले दिसत नाही?"

"उजेड समजते. कोणी आडवं गेलं तं सावली समजते." ते म्हणाले, "डाव्या डोळ्यानं तेवढंही नाही. काचबिंदू म्हणते डॉक्टर. गेलं ते परत येत नाही म्हणते."

"आन् ते आकडे?"

"मनानं सांगत होतो."

"सगळे?"

"पहिले काही दिवस उन्हात धरून दिसत होता काटा. मंग नाही दिसला."

उत्तरा फरशीवर बसली. तिला दया यायला हवी होती आणि येतही होती. पण त्याच्याखाली राग तसाच होता. इतके महिने ती जे पोहली त्याचा एकही खरा आकडा तिच्याकडे नव्हता. ती पुढे गेली की मागे, कोणाला माहीत नव्हतं.

"घरी कोणाले माहीत हाय?"

"तुह्या मायले. मेडिकलच्या दवाखान्यात तेच घेऊन गेली होती मले, होळीच्या वक्ताले. केशवले सांगितलं नाही." त्यांनी तोंड तिच्या आवाजाच्या दिशेनं वळवलं. "तुह्या बापाले समजलं, तं उद्यापासून तुहं येणं बंद, आन् माहं घराभाईर पडणं बंद. दिवाळीपर्यंत ओढू म्हणे तुही माय. चाचणी झाली की सांगू."

दिवाळीपर्यंत ओढायचं ते हे होतं तर. सावनेरचं स्थळ त्यात कुठंच नव्हतं. उत्तराला आपल्या महिनाभराच्या रागाची लाज वाटली, आणि ती लाज लपवायला ती म्हणाली, "मी एक दिवस दोन चकरा कमी मारल्या होत्या. तुमी तरी सेहेचाळीस सांगितले."

नानाजी हसले. "तू चकरा खाल्ल्या, मी सेकंद खाल्ले. दोघंही सारखेच."

हे गुपित आता तिघांचं झालं, पण जास्त टिकलं नाही. केशवरावांना संशय आलेला होताच. ते बोलत नव्हते, पाहत होते. नानाजींचं पेपर वाचणं बंद झालं होतं, उत्तराकडून वाचून घेत होते. एका संध्याकाळी सगळे जेवायला बसले असताना केशवरावांनी नानाजींच्या उजव्या बाजूचा पाण्याचा तांब्या उचलला आणि काही न बोलता डाव्या बाजूला ठेवला. थोड्या वेळानं नानाजींचा हात उजवीकडे गेला. रिकाम्या जागेवर फिरला. पुढे गेला, मागे आला. सुमतीनं तोंडातला घास चावायचा थांबवला. उत्तरा उठून तांब्या देणार, तो केशवरावांनी हातानं तिला थांबवलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

नानाजींनी हात मागं घेतला.

"मी विचारून राहिलो, कधीपासून?"

"होळीपासून," सुमती म्हणाली. "मले माहीत होतं."

केशवरावांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "म्हणजे न दिसणारा माणूस तुमी पोरीच्या राखणीले पाठवला. ते बुडाली असती, तं यायले समजलं असतं का?"

नानाजी मान खाली घालून बसले. उत्तरानं त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"उद्यापासून बंद," केशवराव म्हणाले.

"उद्यापासून मी जातो तिच्यासंगं," सुमती म्हणाली.

"आन् सैपाक?"

"करून जाईन. थंडा खावा लागंल."

केशवरावांनी बायकोकडे पाहिलं. लग्नाला वीसेक वर्षं झाली होती. या स्वरात ती कधी बोलली नव्हती. यामागेही आणखी काही लपवलेलं आहे का, असा भाव त्यांच्या तोंडावर होता. पण त्यांनी ताट पुढे ओढलं आणि जेवण संपवलं.

दुसऱ्या दिवशी टँकवर तिघं गेले. नानाजी येणार नाही म्हणत होते. उत्तरा सायकल घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली आणि त्यांचा हात कॅरिअरवर ठेवून दिला. सुमती पदर खोचून बाकावर बसली. स्टॉपवॉचचं बटण कसं दाबायचं ते तिनं दोनदा समजून घेतलं. उत्तरा मन लावून, अंगातलं सगळं घालून पोहली. काठाला हात लावून तिनं वर पाहिलं.

सुमतीनं घड्याळ नीट पाहिलं, पुन्हा पाहिलं. "सहा बावन्न," ती म्हणाली.

"नीट पाहा आई."

"नीटच पाहून राहिली. सहा बावन्न."

नानाजींचा शेवटचा आकडा सहा चौतीस होता. उत्तरानं डोकं पाण्याखाली घातलं आणि श्वास पुरेल तेवढा वेळ खाली राहिली, कारण तिथं रडलेलं कोणाला दिसत नाही. इतक्या सकाळी उठून, रुसून, रागावून, एवढं पोहून ती जिथून निघाली होती त्याच्या फार तर चार पावलं पुढे होती. वर आली तेव्हा नानाजी बाकावर अवघडून बसले होते. त्यांना तो आकडा ऐकू आला होता.

"आज झालं का?" सुमतीनं विचारलं. "का आणखी पोहतं?"

आईच्या आवाजात ना लाड होता, ना राग. उत्तराला एकाएकी बरं वाटलं. हा आकडा वाईट होता, पण त्यावर पाय ठेवता येत होता. ती म्हणाली, "आणखी."

चाचणीला तीनेक आठवडे होते. सुमती रोज जो असेल तो आकडा सांगायची. एखाद्या दिवशी तो मागं जायचा, तर मागं गेला म्हणून सांगायची. पाण्यात उत्तरा एकटीच असायची, तशीच, काळ्या पट्ट्यावर, आपल्या श्वासासोबत. मन अजूनही कधी कधी विचारायचं, काहून? तिला उत्तर सुचायचं नाही. पण आता ती त्याची वाट न पाहता हात टाकत राहायची. प्रश्न पाचव्या-सहाव्या चकरेला येतो आणि अकराव्याच्या सुमारास दमून निघून जातो, हे तिला कळलं होतं. कधी आकडा ऐकल्यावर तिला आईचाही संशय यायचा, मग ती वर येऊन स्वतः काटा पाहायची. आकडा नेहमी खरा निघायचा.

चाचणी मधल्या वाराला, दुपारी झाली. केशवराव कचेरीत होते. सुमती आणि नानाजी रिक्षानं आले. टँकभोवती निरनिराळ्या कॉलेजांच्या मुली, त्यांचे भाऊ, मास्तर, अशी गर्दी होती. चारशेला सहा मुली होत्या. शिटी वाजली तशी उत्तरानं उडी घेतली आणि पहिल्यांदाच, वच्छला गेल्यापासून पहिल्यांदाच, तिच्या दोन्ही बाजूंना पाणी फुटत होतं. तिला त्याची सवय राहिली नव्हती. निम्म्यापर्यंत ती गोंधळली, चौथी-पाचवी झाली. मग तिनं शेजारी पाहणं सोडलं, खाली पाहिलं, आणि रोज पोहते तशी एकटी पोहू लागली. शेवटच्या दोन चकरांत बाकीच्यांचे हात जड झाले. तिचे झाले नाहीत.

सिंधूताईंनी वाकून तिला सांगितलं, "दुसरी. सहा एकोणचाळीस. साडेसहा झालं नाही, पण दोघीच घ्यायच्या आहेत. नाव लागलं तुझं."

उत्तरा टॉवेल गुंडाळून नानाजींकडे धावली. ते कठड्याला धरून उभे होते. गर्दीच्या आवाजात त्यांना काही उमगलं नव्हतं. सुमती सिंधूताईंशी बोलायला पुढे गेली होती.

"कितवी आली?"

"दुसरी नानाजी. टीममंधे घेतलं."

नानाजींनी कान तिच्याकडे केला. मग हळूच म्हणाले, "खरं सांगून राहिली, का माहं मन राखून राहिली?"

"खरं सांगतो."

"तसं तं मीही रोज खरंच सांगत होतो." त्यांनी तिचा हात धरला, बोटं चाचपली. पाण्यानं ती सुरकुतली होती. "पोहली हाय तू, एवढं खरं."

उत्तरानं आईला बोलावलं. सुमतीनं सांगितलं, दुसरी. सिंधूताईंनी येऊन सांगितलं, दुसरी. नानाजी प्रत्येकीला मान हलवत होते, पण या बायकांची आधीच बोलणी झालेली असणार असा भाव काही त्यांच्या तोंडावरून जाईना. रिक्षात बसल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं. घराच्या पायऱ्या चढताना पुन्हा.

संध्याकाळी केशवराव आले. चप्पल काढून हातपाय धुवायला निघाले, तो ओट्यावरून नानाजींनी त्यांना खुणेनं बोलावलं. तांब्या सरकवला त्या जेवणानंतर बापलेकांत लागेल तेवढंच बोलणं होत होतं, म्हणून केशवराव जरा बिचकतच जवळ गेले. आतून उत्तरा ऐकत होती.

"पोरगी दुसरी आली म्हणते," नानाजी दबक्या आवाजात म्हणाले. "तुही बायकोही तेच म्हणते. माहं ऐकशील तं त्या सिंधूताईच्या घरी जाऊन एकडाव विचारून ये. तुह्यासमोर नाही बोलणार ते खोटं."

घरात डोकावून केशवरावांनी सुमतीकडे पाहिलं, उत्तराकडे पाहिलं.

"मलेही तसंच वाटते," ते म्हणाले, आणि काढलेली चप्पल त्यांनी पुन्हा पायात घातली.